तोरणमाळला निघताय? पिशवीत काय टाकाल

शहाद्यावरून मोटरसायकलने तोरणमाळचा घाट चढायचा असेल तर सामान धुळ्यातच भरून घ्या. वर गेल्यावर दुकान शोधत बसू नका.

सगळ्यात आधी क्लचची केबल. ती पिशवीत नकोच. जुनीच्या शेजारून नवी घरीच ओवून ठेवायची आणि दोन्ही टोकांना प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी मारायची. तुटली की नुसती टोकं बदला, टाकी खोलायची भानगड नाही.

टायर ट्यूबवाला असेल तर एक ट्यूब हवीच. पावडर चोळून जुन्या बनियनमध्ये गुंडाळा. पान्यांसोबत कोंबली तर घासून घासून वाटेतच भोक पडतं. पुढचं चाक १९ इंची आणि मागचं १८ असेल, तर १९ची घ्या, अडीनडीला मागेही चालते. आपल्याकडे बाभळीचा काटा टायरात मोडून बसतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसा. फडकं अडकलं तिथे काटा. बोटं घालू नका, भाऊ.

क्लिपवाली चेन असेल तर त्याच मापाची दोन लॉकं, म्हणजे चेनची टोकं जोडणाऱ्या कड्या. क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला. शिवाय प्लग, फ्यूज, थोडी बाइंडिंग तार, एम-सील. पाने गाडीला लागतात तेवढेच. आमचा एक दोस्त अख्खा सेट वागवतो आणि प्लगपाना घरी विसरतो.

पंक्चरच्या सोल्युशनची नळी न फोडलेलीच घ्या. एकदा उघडलेली आपल्या उन्हात वाळून खडखडीत होते.