टीव्ही युनिटपर्यंत इंटरनेट न्यायचं ते विजेच्या वायरमधून

फायबरची वायर दारापाशी येते आणि राउटरही तिथेच बसतो. टीव्ही असतो दोन भिंतींपलीकडे, नाहीतर वरच्या मजल्यावर. मध्ये आरसीसीचा कॉलम आला, किंवा कोकणातल्या घरात जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत आली, की 5 गिगाहर्ट्झचं वायफाय तिथवर पोचेपर्यंत दमून जातं. 4के चित्रासाठी नेटफ्लिक्स 15 एमबीपीएस वेग सुचवतं. तेवढा वेग टीव्हीपाशी मिळतो, पण सलग मिळत नाही, म्हणून ऐन रंगात आलेल्या सिनेमात गोल चक्र फिरू लागतं. घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन ॲडॅप्टर अशा घरांसाठी आहेत. ते जोडीने लागतात: एक राउटरपाशी, दुसरा टीव्हीपाशी.

आधी एक स्पष्ट करायला हवं. भिंतीतला एखादा पाइप रिकामा असेल, किंवा स्कर्टिंगवरून क्लिपा मारत कॅट6 केबल (इंटरनेटची, म्हणजे लॅनची वायर) नेता येत असेल, तर तेच करा. पॉवरलाइन हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. मात्र लॅन केबल 230 व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपातून ओढू नका, वायरमनने कितीही भरवसा दिला तरी.

खरेदीचं म्हणाल, तर खोक्यावरच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. ‘एव्ही600’ किंवा ‘एव्ही1000’ हा दोन्ही दिशांचा मिळून कागदावरचा वेग असतो. एव्ही600 वर्गातल्या ॲडॅप्टरचं लॅन पोर्टच (केबल खोचायची खाच) 100 एमबीपीएसचं असतं, त्यामुळे 600 त्यातून कधीच बाहेर पडत नाही. चांगल्या वायरिंगवर 40 ते 90 मिळाले तर समाधान मानावं. एकट्या टीव्हीला हे पुरेसं आहे, कारण बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं स्वतःचं लॅन पोर्टही 100 चंच असतं. पण त्याच वायरीवर प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स बसणार असेल तर गिगाबिट (1000 एमबीपीएसच्या) पोर्टचा एव्ही1000 किंवा त्यावरचा घ्या. 80 जीबीचा गेम 50 एमबीपीएसने उतरायला साडेतीन तास लागतात, आणि तेवढा वेळ टीव्हीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

‘एमआयएमओ’ लिहिलेले ॲडॅप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही वायरी वापरतात. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटची अर्थची पिन नुसती शोभेची असते, मागे वायर जोडलेलीच नसते. अशा ठिकाणी हा महागडा ॲडॅप्टर साध्यासारखाच चालतो. परदेशातून कोणी युरोपियन दोन पिनांचा प्लग असलेली जोडी आणली तर तिथेही अर्थ गेलाच, वर युनिव्हर्सल कन्व्हर्टरमध्ये प्लग ढिला बसतो. आपल्या 6 ॲम्पियरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये घट्ट बसणारा घ्या. सगळे ॲडॅप्टर एकाच तांत्रिक प्रमाणाचे (स्टँडर्डचे) हवेत. होमप्लग एव्ही आणि जी डॉट एचएन यांचं एकमेकांशी जमत नाही.

डीबी (विजेचा मुख्य बोर्ड) उघडा, मग पैसे खर्च करा

वेग किती मिळणार हे घरातल्या वायरी ठरवतात. ॲडॅप्टरचे संकेत 2 मेगाहर्ट्झपासून वर, नव्या पिढीत 86 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींवर चालतात. वीज ज्या वाटेने येते त्याच वाटेने ते जातात: राउटरच्या सॉकेटपासून डीबीपर्यंत आणि डीबीतून टीव्हीच्या सॉकेटपर्यंत. दोन खोल्यांमधलं अंतर पाच मीटर असलं तरी वायरीची वाट तीस मीटरची असू शकते. दोन्ही सॉकेट एकाच एमसीबीवर (डीबीतल्या आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) असतील तर उत्तम. वेगळ्या एमसीबीवर पण एकाच फेजवर असतील तरी बहुधा भागतं. फेजच वेगळे असतील तर मात्र संकेत शेजारच्या वायरीत जेवढा झिरपेल तेवढाच पोचतो.

बंगल्यात किंवा मोठ्या फ्लॅटमध्ये थ्री फेज मीटर असेल तर हे आधी पाहायलाच हवं. एक फेज गेला की आपल्याकडे अर्धं घर चालू आणि अर्धं बंद असतं. राउटरचं सॉकेट आणि टीव्हीचं सॉकेट तेव्हा एकदमच बंद पडतात का, हे आठवा. एक चालू आणि दुसरं बंद, म्हणजे फेज वेगळे. तो अनुभव नसेल तर डीबीचा बाहेरचा दरवाजा उघडा आणि एकेक एमसीबी खाली पाडून कोणतं सॉकेट कुठून येतं ते कागदावर लिहा. एमसीबींच्या मागची आतली पट्टी उघडू नका, ते वायरमनचं काम. कोणता एमसीबी कुठल्या फेजवर आहे हे तो दोन मिनिटांत सांगेल, आणि लोडचा तोल सांभाळून टीव्हीचं सर्किट राउटरच्या फेजवर घेता येतं का तेही पाहील. ते जमत नसेल तर राउटरपासून लॅन केबल ओढून पहिला ॲडॅप्टर टीव्हीच्या फेजवरच्या जवळच्या सॉकेटला लावा. संकेत पलीकडे जावा म्हणून दोन फेजच्या मध्ये घरच्या घरी कपॅसिटर जोडण्याचे सल्ले मिळतात, ते जिवावर बेतू शकतात.

इन्व्हर्टरचाही विचार करा. बहुतेक घरांत दिवे, पंखे आणि एखाददुसरं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असतं, बाकीची थेट मेन्सवर. एक ॲडॅप्टर इकडे आणि दुसरा तिकडे असेल तर संकेताला इन्व्हर्टरमधून जावं लागतं, तिथे तो बराच खंगतो. वीज गेल्यावर तर मेन्सवरचा ॲडॅप्टर बंदच होतो. दोन्ही एकाच लाइनवर ठेवा. पॉवरलाइनचे संकेत 50 हर्ट्झच्या लाटेशी ताल धरून चालतात, त्यामुळे इन्व्हर्टर साइनवेव्हचा असलेला बरा. स्क्वेअरवेव्हवर जोडणी अडखळते. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस असला तरी तो ॲडॅप्टरच्या कामाचा नाही, ॲडॅप्टरला 230 व्होल्टच लागतात.

जोडणी

स्मार्ट टीव्ही, सेट टॉप बॉक्स, गेम कन्सोल आणि साउंडचा रिसीव्हर ही चार उपकरणं धरू. टीव्हीपाशी पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका लॅन केबलवर अनेक उपकरणं जोडणारी डबी) लागेल: एक पोर्ट ॲडॅप्टरकडून येणाऱ्या केबलला, चार उपकरणांना. पाचवं उपकरण येण्याची शक्यता असेल तर आत्ताच आठ पोर्टचा घ्या. केबल एकूण सहा लागतील. दोन आखूड केबल बहुधा ॲडॅप्टरच्या खोक्यातच असतात, एक मीटरच्या चार कॅट5ई वेगळ्या घ्या. टीव्हीच्या मागे लावायच्या फायर टीव्ही स्टिकला लॅन पोर्ट नसतं. तिच्यासाठी इथरनेट ॲडॅप्टर वेगळा मिळतो.

1. दोन्ही ॲडॅप्टर आधी एकाच खोलीत शेजारच्या सॉकेटना लावा. पहिल्याचं ‘पेअर’ बटण एक-दोन सेकंद दाबा, दिवा लुकलुकू लागेल. दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं दाबा. दोन्हींचे पॉवरलाइनचे दिवे स्थिर झाले की जोडी जमली. नव्या खोक्यातली जोडी बटण न दाबताही चालते, पण तेव्हा ती कारखान्याच्या सामाईक नावावर असते. शेजारच्या फ्लॅटमध्ये तसलाच ॲडॅप्टर असेल आणि वायरिंगमधून संकेत तिथवर गेला, तर दोन्ही घरांचं जाळं एक होऊ शकतं. बटण दाबल्यावर 128 बिटची तुमची स्वतःची किल्ली तयार होते.

2. पहिला ॲडॅप्टर राउटरशेजारी लावा आणि केबल राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, वॅनला (बाहेरून इंटरनेट येतं त्या पोर्टला) नाही.

3. दुसरा टीव्हीपाशी थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्ड किंवा स्पाइक गार्डमध्ये तो कधीही लावू नका. स्पाइक गार्डमधला फिल्टर नेमक्या याच लहरी गिळतो. सॉकेट एकच असेल तर पासथ्रू ॲडॅप्टर घ्या, त्याच्या तोंडावर सॉकेट असतं. एक्स्टेंशन बोर्ड त्यात लावला की टीव्ही आणि चार्जरांचा विजेच्या वायरीतला गोंगाट आतल्या फिल्टरपाशीच अडतो.

4. ॲडॅप्टरपासून स्विच आणि स्विचपासून उपकरणं जोडा. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ‘वायर्ड’ निवडा. केबल लावूनही जुन्याच वायफायवर बसून राहणारे टीव्ही बरेच आहेत.

आणखी एका खोलीत तिसरा ॲडॅप्टर वाढवायचा झाला तर आधीच्या एकाचं बटण दाबा, मग नव्याचं. पण सगळे ॲडॅप्टर वायरिंगची तीच वाट वाटून घेतात. जास्त ॲडॅप्टर म्हणजे जास्त वेग नव्हे.

आता लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो स्विचला जोडा. राउटरपाशी मोजलेला वेग आणि इथला वेग ताडून बघा. मग राउटरच्या पत्त्यावर दहा मिनिटं पिंग (पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा, पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो. एकेरी किंवा पंधराच्या आतल्या मिलिसेकंदांचे आकडे चांगले. त्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरातला मिक्सर लावून बघा. आकडे शंभराच्या वर उड्या मारू लागले किंवा उत्तरंच गळू लागली, तर गोंगाट वायरीत शिरतो आहे.

बिघडतं ते कुठे

दिवसा ठीक आणि रात्री आठनंतर अडखळत असेल तर दोष अनेकदा स्वस्तातल्या मोबाइल चार्जरचा, एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरचा किंवा पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा असतो. पिंग चालू ठेवा आणि एकेक वस्तू बंद करत जा. ज्या क्षणी आकडे शांत होतील ती वस्तू ॲडॅप्टरपासून दूरच्या सॉकेटवर हलवा.

बऱ्याच घरांत झोपताना टीव्हीच्या बोर्डाचं बटण बंद करतात. ॲडॅप्टरही त्याच बटणावर असेल तर सकाळी तो पुन्हा जोडला जाईपर्यंत मिनिटभर टीव्ही ‘इंटरनेट नाही’ म्हणतो. ॲडॅप्टर आणि स्विच वेगळ्या बटणावर ठेवा. ॲडॅप्टर कायम कोमट असतो, म्हणून त्याला पडद्यामागे किंवा युनिटच्या बंद कप्प्यात कोंडू नका.

वीज जाऊन आल्यावर ॲडॅप्टर लगेच जागे होतात, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. त्या वेळात चालू झालेल्या टीव्हीला आयपी पत्ता मिळत नाही. टीव्हीच्या मागची केबल काढून पुन्हा लावली की तो मिळतो.

स्विच वाचवण्यासाठी घरातला जुना राउटर वापरणार असाल तर आधी त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टलाच लावा. वॅनला लावलीत तर टीव्ही वेगळ्या जाळ्यात जातो, आणि मोबाइलवरून कास्ट करताना यादीत दिसतच नाही.