चंदीच्या पोत्यात सापडलेल्या निळ्या गोळ्या

पागेत नव्याने लागलेल्या माणसाला खरारा कसा करायचा, लीद कशी काढायची, खूर कसा उचलायचा हे कोणी ना कोणी दाखवतंच. उंदरांचं मात्र कोणी शिकवत नाही. "औषध टाक" एवढंच सांगतात. मलाही वरिष्ठांनी तेवढंच सांगितलं आणि त्यापायी माझ्या हातून एक घोडी जाता जाता राहिली.

तेव्हा चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, खोलीत रात्री दिवा लावला की भिंतीकडेने पळापळ व्हायची. पुढे भर दुपारीही एखादा दिसू लागला. दिवसा उंदीर दिसतोय म्हणजे रात्रीची गर्दी मावेनाशी झाली आहे, हे आज कळतं. मी उंदरांच्या विषाच्या निळ्या गोळ्या आणल्या आणि भिंतीलगत मूठ मूठ टाकल्या. सकाळी सगळ्या गायब. खाल्ल्या म्हणून मी खूश. तीन रात्री असंच केलं. चौथ्या दिवशी चंदी काढताना बोटांना काहीतरी कडक लागलं. पोतं पालथं केलं. तळाशी कुरतडलेलं भोक आणि दाण्यांत मिसळलेल्या निळ्या गोळ्या. त्याच पोत्यातली चंदी आदल्या संध्याकाळी घोडीने खाल्ली होती.

हे नीट समजून घ्या, म्हणून पुन्हा सांगतो. उंदीर मिळालेलं सगळं जागेवर खात नाही. उचलून नेतो आणि आडोशाला साठवतो. पागेत पोत्यांच्या थप्पीइतका आणि गवताच्या गंजीइतका चांगला आडोसा दुसरा कुठला? म्हणजे विष तुम्ही भिंतीपाशी टाकता आणि गव्हाणीपर्यंत उंदीर पोचवतो. सुट्ट्या गोळ्या पागेत कधीही टाकू नका. "लांब टाकल्यात, काही होत नाही" असं कोणी म्हणालं तरी नाही.

घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं परत येण्याची वाटच नाही. त्यात या गोळ्या बहुतेक धान्याच्याच केलेल्या, त्यामुळे घोडा त्या बाजूला काढेल असं धरून चालू नका. शिवाय ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही विषं रक्त गोठण्याची क्रिया थांबवतात, पण शरीरात रक्त गोठवणाऱ्या घटकांचा आधीचा साठा असतो तोवर, म्हणजे पहिले काही दिवस, जनावर ठणठणीत दिसतं. आमची घोडीही तशीच दिसत होती. पशुवैद्यांनी आल्या आल्या विचारलं, "पाकिटावर नाव काय होतं?" पाकीट मी फेकून दिलं होतं. कचऱ्याचा ढीग उपसून शेवटी सापडलं. ती अर्ध्या तासाची शोधाशोध आठवली की अजून पोटात गोळा येतो. पाकीट जपून ठेवा. घोडीला जीवनसत्त्व के१ दिलं, दोन दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं आणि उपचार कित्येक आठवडे चालले. के१ऐवजी के३ घोड्याला चालत नाही, त्याने मूत्रपिंडं खराब होतात. तेव्हा स्वतःच्या मनाने काहीही टोचू नका. घोडी वाचली. वेळेत लक्षात आलं तर घोडा वाचतो, तेव्हा चूक झाली तर घाबरून लपवू नका, लगेच बोला.

खरं काम मला घोड्यांची देखभाल करणाऱ्या एका म्हाताऱ्या मोतद्दारकाकांनी शिकवलं. ते रोज चंदीत कोपरापर्यंत हात घालून बघायचे, तेव्हाच मापटं भरायचे. माझं ठाम मत आहे, जो शिकवणारा स्वतः कोपऱ्यात झाडू घालत नाही त्याच्याकडून पागा शिकू नये. काकांचा नियम एकच होता, आधी उंदराचं ताट उचला. चंदी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, प्लॅस्टिक तो कुरतडतो. रात्री गव्हाणीत दाणा शिल्लक ठेवू नका. लिदीत न पचलेले दाणे असतात, म्हणून उकिरडा लांब हवा. गवत फळ्यांवर, भिंतीपासून सुटं रचा, म्हणजे मागे डोकावता येतं. १२ मिलिमीटरच्या भोकातून उंदराचं पिल्लू आत येतं, म्हणून ६ मिलिमीटरची तारेची जाळी लावा. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, त्यामुळे खाणं उघडं ठेवून नुसतं मारत बसलात तर हरणार तुम्हीच.

चापाला चार दिवस उंदीर फिरकला नाही म्हणून निराश होऊ नका. नव्या वस्तूला तो बिचकतो. आधी चार-पाच दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा, मग ताणा. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांवर पैसे घालवू नका, उंदीर त्या आवाजाला सरावतात. मांजर पिल्लं धरतं, थोराड उंदराच्या वाटेला सहसा जात नाही.

एवढं करूनही विष लागलंच तर ते कुलूपबंद पेटीत, सळईत ओवलेल्या वडीच्या रूपात, पागेबाहेर, आणि रोज तपासून. मेलेले उंदीर मात्र शोधावेच लागतात. गवताच्या गठ्ठ्यात एखादा कुजला तर तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचं विष तयार होऊ शकतं, आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. असा गठ्ठा अख्खा फेका. "वरचं काढून खालचं घालू" हा हिशेब करू नका.

आणि स्वतःला जपा. लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाने भिजवून हातमोजे घालून उचला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, माणसाला आणि घोड्यालाही. घोड्याचे डोळे त्याने पुन्हा पुन्हा सुजतात आणि दृष्टीही जाऊ शकते. तुम्हाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर "मी पागेत काम करतो आणि तिथे उंदीर आहेत" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. वेळेवर औषध सुरू झालं तर हा आजार बरा होतो.