एका स्लॅशने फोल्डरच गायब केला (माझा अनुभव)

पायथनची छोटी स्क्रिप्ट होती, बिलांच्या पीडीएफ '/डेटा/बिले' मध्ये टाकायची. रन झाली, एरर नाही, काही नाही, आणि फोल्डर रिकामा! तासभर परमिशनच बघत बसलो, मग वैतागून जोडलेला पाथ (फाईलचा पूर्ण पत्ता) प्रिंट केला तर नुसतं '/मार्च/१२.पीडीएफ', सुरुवातीचा '/डेटा/बिले' साफ गुल. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवायचं टूल) रूट युजर, म्हणजे सगळीकडे लिहायची परवानगी असलेला युजर, असल्यामुळे फाईल्स निमूटपणे थेट '/' या सगळ्यात वरच्या फोल्डरात जाऊन बसल्या होत्या.

भानगड अशी की ओएस.पाथ.जॉइनला (पायथनचं पाथचे तुकडे जोडणारं फंक्शन) दुसरा तुकडा स्लॅशने सुरू झालेला दिला की तो आधीचं सगळं फेकून देतो, आणि आमच्या फाईलनावांच्या यादीत (सीएसव्ही फाईल) नावाआधी स्लॅश होता. पायथनच्याच पाथलिब लायब्ररीचं पण तेच, रस्ट भाषेचं पण तेच. गो भाषा मात्र सरळ चिकटवते, नोडमध्ये (जावास्क्रिप्ट) तर दोन वेगळी फंक्शन्स आहेत, जॉइन चिकटवतं न् रिझॉल्व्ह फेकतं. मला हे नोडचं पटतं, नावावरूनच कळतं ना.

आता मी आधी एलस्ट्रिपने नावाच्या सुरुवातीचा स्लॅश काढतो, पण नावात '..' (म्हणजे एक फोल्डर वर जा) असेल तर तेवढ्याने भागत नाही, म्हणून जोडून पाथलिबच्या रिझॉल्व्हने '..' सोडवून खरा पाथ काढतो आणि इज-रिलेटिव्ह-टू ने (पायथन ३.९ पासून आहे) फाईल आपल्याच फोल्डरात आहे का बघतो, नसेल तर सरळ एरर. जुन्या पीडीएफ हाताने हलवल्या, ४० होत्या.