तासिकेवरची मॅडम

‘परमनंट का सीएचबी?’ नव्या कॉलेजात गेलं की स्टाफरूममध्ये नावाच्याही आधी हा प्रश्न येतो. मी सीएचबी (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासिका तत्त्वावरची: जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे. विषय तत्त्वज्ञान. पुण्याहून एसटीने दीड तासावर असलेल्या तालुक्याच्या गावी पाच वर्षं शिकवतेय. एमए संपवून नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या मागे लागलेली मुलं-मुली फोन करून विचारतात, ‘मॅडम, घेऊ का तासिका?’ दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

पात्रता पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचीच लागते. एमएला ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा पीएचडी. नेटला तत्त्वज्ञान हा विषय आहेच, शिवाय धर्मांचा तौलनिक अभ्यास असा वेगळा विषयही आहे. तो अनेकांच्या लक्षातच येत नाही. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोव्यात चालते. पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. मी पहिल्या खेपेला सोडले होते. तत्त्वज्ञानवाल्याला नको तिथे प्रामाणिकपणा सुचतो.

जाहिराती साधारण जून-जुलैत निघतात. पण जाहिरातीची वाट बघत बसू नका. आमच्या विषयात बहुतेक कॉलेजांत एकच माणूस असतो. तो निवृत्त झाला की जागा भरली जात नाही आणि त्याचा कार्यभार तासिकांवर जातो. म्हणून कोण कधी निवृत्त होतंय याची खबर ठेवा. बोलायला जरा कसंतरी वाटतं, पण सगळे हेच करतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण असले विषय आलेत. कॉलेजं ते ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या गळ्यात मारतात. मुलाखतीत ‘हेही शिकवीन’ म्हणालात तर प्राचार्यांचा चेहरा लगेच खुलतो.

आता पैसे. मी लागले तेव्हा पदवीच्या तासाला ६२५ रुपये होते, पुढे ९०० झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला एका व्याख्यानाचे १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी शिफारस केली होती. ते पत्र मी फोनमध्ये ठेवलंय, अधूनमधून बघते. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तासिका. नऊ गुणिले नऊशे, गुणिले चार म्हणजे ३२,४०० असा हिशेब मीही दर वाढला त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर केला होता. पण आमची तासिका ४८ मिनिटांची आणि बिल ६० मिनिटांच्या तासाचं. नऊ तासिकांचे ७ तास १२ मिनिटं होतात. म्हणजे आकडा २५,९२० वर आला. त्यातून दिवाळी वजा, परीक्षा वजा, स्नेहसंमेलन वजा, उन्हाळा तर सगळाच वजा. उरलेलेही दरमहा मिळत नाहीत. जुलैत शिकवायला सुरुवात केली आणि पहिले पैसे खात्यात आले जानेवारीत, तेही तीन महिन्यांचेच. तोवर एसटीचा पास, डबा, झेरॉक्स सगळं पदरचं. सहा महिन्यांचा खर्च निघेल असं दुसरं काही हाताशी असल्याशिवाय यात पडू नका. मी भाषांतरं करते, एक मैत्रीण अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्राच्या शिकवण्या घेते.

नेमणुकीचा आदेश, हजेरीचे महिनावार तक्ते आणि वर्षाअखेरचा अनुभवाचा दाखला, तिन्ही त्या त्या वर्षीच हातात घ्या. नंतर क्लार्क बदलतो आणि मागचं कुणालाच सापडत नाही.

एवढं कुणीही सांगेल. वर्गातलं मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला धर्माचं तत्त्वज्ञान हा पेपर आहे. पहिल्या तासाला मी फळ्यावर नुसतं ‘धर्म’ लिहिते आणि म्हणते, हा शब्द घरात कसा ऐकलाय ते सांगा. शेजारधर्म येतो, दानधर्म येतो, ‘वाहणं हा पाण्याचा धर्म’ येतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा.’ सगळे हसतात, पण खरा पेच तिथेच आहे. दाखल्यावरचा धर्म रकान्यात बसतो, शेजारधर्म बसत नाही, आणि आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो. एका वर्षी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘आमच्यात धर्म नाही म्हणत मॅडम, धम्म.’ मग बाबासाहेबांनी रिलिजन आणि धम्म यांत केलेला फरक घेतला. एक खाजगी मानला जातो, दुसरा माणसामाणसांतल्या वागण्याचा, म्हणजे मुळातच सामाजिक. तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या धर्माच्या व्याख्येशेजारी ठेवला. दुर्खीमने १९१२ मध्ये केलेल्या व्याख्येत देव नाहीच, पवित्र मानलेल्या गोष्टी आणि त्यांच्याभोवती जमलेला समुदाय आहे. बौद्ध आणि जैन जगाचा निर्माता ईश्वर मानत नाहीत, मग ते धर्म कसे, हा प्रश्न त्या दिवशी मला विचारावाच लागला नाही. मुलांनीच काढला.

असे तास रोज होत नाहीत. माझा एक तास चांगलाच फसलेला आहे.

ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद चालले होते. जगात रचना दिसते, रचनेला रचणारा हवा, हा युक्तिवाद मांडला आणि ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचे आक्षेप घेऊन तो मोडला. मग अनिष्टाची समस्या घेतली: ईश्वर सर्वशक्तिमान आहे, दयाळूही आहे, मग दुःख कुठून आलं? मी रंगात आले होते. गळ्यात तुळशीची माळ असलेला एक मुलगा उठून म्हणाला, ‘मग आमची वारी फुकटच का, मॅडम?’ आणि घंटा झाली. मला साडेबाराची एसटी गाठायची होती. ‘पुढच्या तासाला बघू’ म्हणाले आणि निघाले. पुढचा तास तीन दिवसांनी होता. तो मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या तासालाही आला नाही.

पूर्णवेळ प्राध्यापक जिन्यात भेटतो, कॅन्टीनला भेटतो, ग्रंथालयात पेपर वाचताना सापडतो. आपण घंटेबरोबर येतो आणि घंटेबरोबर जातो. इतिहासात पानिपत अर्ध्यावर राहिलं तर कुणाचं बिघडत नाही. इथे मात्र आपण समोरच्या मुलाच्या आजीच्या माळेबद्दल बोलत असतो. तेव्हापासून मी खंडन तासाच्या पहिल्या अर्ध्यात उरकते आणि आस्तिकाचं उत्तर त्याच तासात घेते, मग विषय पुढे नाही सरकला तरी चालेल. वारीला जाणारा माणूस आधी युक्तिवाद तपासून मग निघत नाही, श्रद्धेला पुराव्याच्या तागडीत घालायचं का हाच मुळात वादाचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. शिवाय आता साडेबाराची नाही, दोनची एसटी पकडते. मधला वेळ ग्रंथालयात बसते. त्याचं बिल लागत नाही. नवख्यांना मी हे करा असं सांगत नाही, परवडतं का ते ज्याचं त्याने बघावं.

‘मॅडम, तुम्ही देव मानता का?’ हे सगळे विचारतात, तेव्हा उत्तर आधीच ठरवून ठेवा. मी म्हणते, परीक्षा झाल्यावर सांगते. सांगतेही.

पुस्तकांचं म्हणाल तर मुलं मराठीतून लिहितात आणि आपण बहुधा इंग्रजी वाचून आलेलो असतो. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश जुन्या ग्रंथालयांत सापडतो. संज्ञा त्यातून घ्या, मनाने पाडू नका. मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन आहेत. उदाहरणं मात्र गावातली हवीत. धुरावरून अग्नीचं अनुमान हे न्यायदर्शनातलं नेहमीचं उदाहरण मी गुऱ्हाळाच्या धुरावर शिकवते. ‘पण मॅडम, पहाटे नदीवर धुकंपण तसंच दिसतं,’ असं एकीने म्हटलं आणि हेत्वाभास, म्हणजे फसव्या कारणावरून काढलेलं अनुमान, शिकवायचं माझं अर्धं काम झालं.

माळवाला मुलगा परीक्षेला आला. त्याचा पेपर माझ्याकडे तपासायला नव्हता, त्यामुळे काय लिहिलं कळलं नाही. पुढच्या वर्षी त्याने भूगोल घेतला. यंदा कार्यभार सात तासिकांवर आलाय. अर्ज दिलाय, मुलाखत गुरुवारी आहे.