मूल आळशी नाहीये! लर्निंग डिसेबिलिटीच्या बाबतीत या चुका टाळा

"बोलायला सांगा, दिवसभर बोलेल, वही काढली की लगेच पोटात दुखतं." तिसरी-चौथीच्या ओपन हाऊसला हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे अजून एक ट्यूशन लावा, टीव्ही बंद करा, रोज वीस ओळी शुद्धलेखन. सगळ्यात मोठी चूक इथेच होते, कारण जी पद्धत त्या मुलाला वर्षभर चालली नाही तीच आपण दुप्पट करतो.

आधी वही नीट बघा. मार्क नाही, चुका बघा. चौथीतल्या मुलाच्या एकाच पानावर 'शेतकरी' तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा वेगळा, शतेकरी, शेकतरी, शेतरी. फळ्यावरचं उतरवताना अर्धी ओळच गायब, जोडाक्षर आलं की खाडाखोड, पण तोच धडा तुम्ही वाचून दाखवला की उत्तरं तोंडी फटाफट. आता हा आळस असता तर त्याने तीनदा लिहिलंच नसतं ना? प्रत्येक वेळी तो शब्द नव्याने जुळवायचा प्रयत्न करतोय. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचन-लेखनाच्या लर्निंग डिसेबिलिटीत, बहुतेक वेळा गडबड असते ती आवाज आणि अक्षर यांची जोडी बसण्यात, बुद्धीत नाही, डोळ्यातही नाही. म्हणून वीस वेळा लिहून घेतलं तरी तो फक्त आकार गिरवतो, शब्द काही डोक्यात बसत नाही.

त्यापेक्षा शब्द तोंडी तोडा, शे-त-क-री, प्रत्येक अक्षराला एक टाळी, मग ताटात रवा पसरून बोटाने लिहायला लावा आणि लिहिताना तोंडाने म्हणायला लावा. रोज पंधरा मिनिटं पुरे. स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवायचं खास प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, हेच जास्त शिस्तीत, पायरी पायरीने करतात.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी, म्हणजे एक-दोन खुणा दिसल्या की लगेच लेबल. पहिलीतलं मूल घ आणि ध, भ आणि म, इंग्लिशमधलं बी-डी उलटसुलट करतं, हे त्या वयात नॉर्मल आहे. गणिताचं पण तसंच, 'त्रेचाळीस' ऐकलं की आधी तीन ऐकू येतो म्हणून बरीच मुलं ३४ लिहून मोकळी होतात, तो डिस्कॅल्क्युलिया (गणितातली लर्निंग डिसेबिलिटी) नाही. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस तीन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, पण मुलं तिथे अडखळतात हे खरंच आहे.) तसंच घरी इंग्लिशचा गंध नाही आणि मूल इंग्लिश मीडियमला, तर आधी ते भाषेमुळे अडतंय का ते बघा. ही अडचण किमान सहा महिने, व्यवस्थित मदत देऊनही टिकून राहिली तर मात्र टेस्टिंग.

त्यात सुद्धा लोक पहिली पायरी गाळतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग आयक्यू टेस्ट आणि मग वाचन-लेखन-गणिताची टेस्ट. टेस्ट साधारण आठव्या वर्षानंतर म्हणजे तिसरीच्या आसपास पक्कं सांगते, पण त्याचा अर्थ तोपर्यंत हातावर हात ठेवून बसा असा नाही हो! मदत आधीपासून सुरू करता येते, त्याला सर्टिफिकेट लागत नाही. "मोठा झाला की आपोआप येईल" यात दोन-तीन वर्षं निघून जातात आणि तोवर मुलाने स्वतःला ढ ठरवलेलं असतं, ते पुसायला वाचनापेक्षा जास्त वेळ लागतो.

पैशाच्या बाबतीत तर फार जपा. मिडब्रेन ॲक्टिव्हेशन (मेंदू 'जागा' करून देतो म्हणणारे क्लास), रंगीत काचांचे चष्मे, मेमरीची टॉनिकं, याने डिस्लेक्सिया जातो याला काही आधार नाही. डिस्लेक्सियावर गोळी नाहीये. सोबत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असेल तर त्याची औषधं डॉक्टर देतात, ती वेगळी गोष्ट.

आणि सर्टिफिकेटला घाबरू नका प्लीज. "शिक्का बसेल, पुढे लग्नाला अडचण येईल" म्हणून पालक रिपोर्ट कपाटात ठेवतात आणि दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावाधाव करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसेबिलिटी, म्हणजे हीच वाचन-लेखन-गणिताची अडचण, आहे, आणि महाराष्ट्रात तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत. जास्तीचा वेळ, म्हणजे तासाला २० मिनिटं, रायटर (मूल सांगेल ते लिहून देणारी व्यक्ती), स्पेलिंगच्या चुकांना माफी, गरजेप्रमाणे कॅल्क्युलेटर. पण खाजगी क्लिनिकचा रिपोर्ट नेहमी चालत नाही, सरकारी किंवा मान्यताप्राप्त हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. मुंबईत सायन, नायर, केईएमला ही सोय आहे पण नंबर यायला बराच वेळ जातो, म्हणून सहावी-सातवीतच शाळेचं पत्र घेऊन नाव नोंदवा.

रायटर मिळाला म्हणजे काम झालं असं पण नाही. उत्तर डोक्यात असणं आणि ते दुसऱ्याला वाक्य वाक्य सांगून लिहून घेणं यात फरक आहे, कुठे थांबायचं, आकृती कशी समजवायची हे सगळं सरावानेच जमतं. त्यामुळे नववीच्या युनिट टेस्टपासूनच शाळेकडे रायटर मागा, आणि घरी रविवारी जुना पेपर घेऊन तुम्ही स्वतः त्याचे रायटर बना, तो सांगेल तेवढंच लिहायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही.