कंपनीकडे जाताना झोळी घरी ठेवा

जत तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेचा हिशेब मी बरीच वर्षं लिहितोय. पूर्वी आमचा पैसा जर्मनीहून यायचा, पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेमार्फत. 2020 मध्ये परकीय देणगी कायदा बदलला. एका संस्थेने घेतलेली परदेशी रक्कम दुसरीला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. आमचा नळ तिथेच आटला. मग कंपन्यांची दारं वाजवायला शिकलो.

आधी दार ओळखा. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी त्या कंपनीला 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 लागतं. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात, यालाच सीएसआर म्हणतात. आमच्याकडे माणसं आधी साखर कारखान्यात जातात. पण सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे, त्याला हे कलम लागू नाही. खासगी असेल तर नफा बघा आणि मगच जा. दोन वर्षं आम्ही चुकीच्या फाटकाबाहेर चहा प्यायलो.

कागद: आयकर खात्याच्या 12अ आणि 80जी या नोंदण्या आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 या अर्जावर मिळणारा नोंदणी क्रमांक. तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा कालची संस्था आज कंपनीकडे नेऊ नका.

आता मुद्द्याचं. मागायला गेलात तर मिळतं ते त्यांच्या सोयीचं. आम्ही एका कंपनीकडे पाणी मागितलं, तर तिचं बोधचिन्ह छापलेली दप्तरं आली. पुढच्या वेळी पाझर तलावाचा नकाशा नेला. गाळ किती, कुणाच्या शेतात जाणार, वाहून न्यायचा खर्च कोण करणार, सगळं एका पानावर. ट्रॅक्टर शेतकऱ्यांचे, तलावाची परवानगी सरकारच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून, कंपनीने फक्त पोकलेनचे तास द्यायचे. तिघांचा हात लागलेला दिसला की साहेब खुर्चीत पुढे सरकतो. बाहेरचे देणगीदारही हेच बघतात. अमेरिकी सरकारची मदतसंस्था यूएसएड 2001 पासून एका कार्यक्रमात कंपनीकडून निदान तेवढाच वाटा मागायची. पुढे 2025 मध्ये तीच गुंडाळली गेली, म्हणून एकाच झाडाला झोका बांधू नका.

फेब्रुवारीत गेलात तर वर्षअखेरचे उरलेले पैसे पटकन मिळतात, पण मार्चच्या आत खर्च करायची घाई मानगुटीवर बसते. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये जा आणि काम दोन-तीन वर्षांचं मांडा. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे त्यांच्याच अधिकाऱ्याला माहीत नसतं. सांगा, पण गोडीने.

कंपनीवाले त्यांचेच कामगार शिकवून घ्यायचा खर्च यात बसवा म्हणाले, तर नको म्हणा. तो धरला जात नाही, आणि लेखापरीक्षणात गळा आपला सापडतो.

आणि फलकावर नाव कुणाचं आधी, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. आमच्या तलावावर त्यावरून सरपंच आणि कंपनीत महिनाभर अबोला होता.