आपल्या इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्टचा इतिहास लिहायचाय? आधी हार्ड डिस्क उघडा

एकट्याने किंवा दोघा-तिघांनी चालवलेल्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोजेक्टचा इतिहास लिहायचा म्हटलं की लोक आठवेल तसं लिहायला बसतात आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकतात, कारण पहिला ट्रॅक आधी झाला की नाव आधी ठरलं हेच कुणाला धड आठवत नसतं. बँडचं बरं असतं, शो होतात, पोस्टर छापली जातात, चार लोकांनी पाहिलेलं असतं. इथे सगळं हेडफोन लावून एका स्क्रीनसमोर झालेलं, त्यामुळे साक्षीदार म्हणजे फायलीच.

तर जुने ड्राइव्ह, पेनड्राइव्ह, बंद पडलेला लॅपटॉप सगळं गोळा करा आणि काहीही उघडायच्या आधी पूर्ण कॉपी काढून ठेवा. सवयीने सेव्ह दाबलं की मॉडिफाइड डेट बदलली, पुरावा गेला. क्रिएटेड डेटवर तर विसंबूच नका, विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केली की तिथे कॉपी केल्याची तारीख पडते, म्हणजे फाइल जन्मायच्या आधीच बदललेली दिसते! अशा वेळी मॉडिफाइडवाली धरा.

एबलटन लाइव्ह हे म्युझिक बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मजा आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बॅकअप नावाचा फोल्डर बघा, त्यात जुन्या सेव्हच्या प्रती असतात आणि नावातच कंसात तारीख-वेळ असते. शिवाय सेटची (म्हणजे लाइव्हमधल्या प्रोजेक्टची) फाइल म्हणजे आतून जीझिपने दाबलेलं एक्सएमएल, साधा वाचता येणारा मजकूरच, कॉपीचं एक्स्टेंशन बदलून .gz करा, अनझिप करा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, अगदी सुरुवातीलाच ती फाइल लाइव्हच्या कुठल्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाली ते लिहिलेलं सापडतं. तारीख गेलेली असली तरी त्या व्हर्जनच्या आधीची ही फाइल असूच शकत नाही, एवढं तर नक्की होतं.

मग ऑनलाइन काय उरलंय ते बघा, आणि लवकर बघा. मायस्पेस या जुन्या सोशल साइटवर 2003 ते 2015 मध्ये चढवलेलं बहुतेक म्युझिक सर्व्हर हलवताना गेलं, ते लोकांना नीट कळलं 2019 मध्ये. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाकडे त्यातली साडेचार लाखांहून जास्त गाणी नंतर आली, तिथे आपलं नाव शोधून बघायला काय जातंय. जुन्या साइटचा पत्ता आठवत असेल तर त्यांच्याच वेबॅक मशीनमध्ये टाका, तिथे वेब पानांच्या जुन्या प्रती असतात. बँडकॅम्प या म्युझिक विकायच्या साइटवरची रिलीज डेट मात्र आपणच भरलेली असते, तेव्हा ती ईमेलशी पडताळा. आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा ओळख-कोड, त्याचंही तसंच, 12 अक्षरी कोडात पहिल्या पाचनंतरचे दोन आकडे कोड दिला त्या वर्षाचे, रेकॉर्डिंगच्या वर्षाचे नाहीत. यात भलेभले फसतात.

जुने प्रोजेक्ट उघडत असतील तर लगेच गाण्यातल्या प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा वेव्ह ऑडिओ फाइलमध्ये काढून ठेवा, उद्या म्हणू नका. मॅकवर 2019 च्या कॅटलिनापासून 32 बिटचे प्लगइन (म्युझिक सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत, आणि फुकटातले कितीतरी जुने सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारे प्लगइन, कुणी परत 64 बिटमध्ये आणलेच नाहीत. सिंथ गेला की फाइल उघडूनही तो आवाज काही परत येत नाही.

एवढं झालं की साध्या स्प्रेडशीटमध्ये तारीख, काय झालं, पुरावा काय, एवढंच भरा. मग ते कॉलम सोबतच्या सगळ्यांना पाठवा, सोडून गेलेल्यांना तर आधी. भांडण झालेलं असलं तरी बेसलाइन त्याची असेल तर त्याचीच लिहायची, हे माझं ठाम मत आहे. पुरावा नसलेल्या ओळी "अंदाजे" म्हणून ठेवा, उडवू नका.

लिहिताना हवा नको. रोलंड कंपनीने टीआर-808 हे ड्रम मशीन 1980 ते 1983 एवढीच वर्षं बनवलं, तेव्हा "आम्ही 808 वर सुरुवात केली" म्हणण्याआधी ते मशीन होतं की सॅम्पल पॅक (त्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) ते सांगा, सॅम्पल पॅकमध्ये लाज कसली, उलट कुठला पॅक होता हेच वाचायला जास्त मजा येते. मधली दोन वर्षं काहीच निघालं नसेल तर तेही लिहा, नोकरी लागली, ड्राइव्ह उडाला, कंटाळा आला, जे असेल ते. अर्धवट ट्रॅकांची नावंसुद्धा द्या. फायनल, फायनल 2, फायनल खरंच, अशा नावांच्या फायलींवरून कुठला ट्रॅक किती छळला ते कळतंच.

शेवटी रिलीज डिस्कॉग्ज या लोकांनीच भरलेल्या रेकॉर्डच्या यादीवर क्रेडिटसकट टाका. ती साइट 2000 मध्ये सुरू झाली तीच इलेक्ट्रॉनिक म्युझिकची यादी म्हणून, त्यामुळे छोट्या रिलीजकडे तिथे कुणी नाक मुरडत नाही, आणि नंतर कुणी तारीख बदलली तर कुणी आणि कधी बदलली तेही हिस्टरीत दिसतं.